झाकलेली सव्वीस वर्षं

"पाय वर घ्या, मॅडम," मावशी म्हणाली, आणि धाकटीनं बसल्या जागी पाय उचलले. फडकं टेबलाखालून एकदा गेलं, एकदा आलं, बादलीत बुडालं, पिळलं गेलं, आणि मावशी दारापर्यंत पोचली तेव्हा कुठं तो शब्द धाकटीच्या डोक्यात शिरला. मॅडम. गेली सात वर्षं ही बाई ठेकेदारातर्फे या मजल्यावरच्या फरशा पुसत होती आणि सात वर्षांत तिनं धाकटीला धाकटीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. पाहुणे बसलेले असोत, फोन चालू असो, एकदा तर खुद्द आयुक्त दारात उभे होते, तरी "धाकटे, तंगड्या उचल गं" म्हणून मोकळी झाली होती. आयुक्त हसले होते. धाकटीला तेव्हा लाजही वाटली होती आणि बरंही वाटलं होतं, कारण पालिकेच्या या सात मजली इमारतीत घरच्या नावानं हाक मारणारं तिला तेवढं एकच माणूस होतं. आणि आज पाय वर घ्या. "मावशी, झालंय काय?" तिनं विचारलं. मावशीनं बादली उचलली. "काही नाही. खाली यादी लागलीय," म्हणाली आणि गेली. फरशी वाळेपर्यंत धाकटी पाय तसेच अधांतरी धरून बसून राहिली.

यादी आज-उद्या लागणार हे तिला माहीत होतंच. ती लावण्याच्या आदेशाचा मसुदा तिनंच केला होता. तरी लिफ्टसाठी न थांबता ती जिन्यानं उतरली. तळमजल्यावरच्या काचेच्या पेटीत एकच कागद, त्यावर बारा नावं. मुकादमाच्या बारा कायम जागा. मुकादम म्हणजे काही फार मोठा हुद्दा नव्हे. झाडणाऱ्यांच्या एका टोळीवर देखरेख, हातात झाडूऐवजी वही, एवढंच. पण कायम. मध्येच कुणी ऊठ म्हणणार नाही आणि म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागणार नाही. धाकटीनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, उलटं वाचल्यानं एखादं नाव निघेल अशा वेड्या आशेनं. डेपोमागच्या, तिच्या वस्तीतल्या, एकतीस जणांनी अर्ज केले होते. एकतीसच्या एकतीस नावं तिला पाठ होती. त्यातल्या कितीकांबरोबर खेळत ती लहानाची मोठी झाली होती. त्यांतलं एकही तिथं नव्हतं. मावशीची सून नव्हती. थोरली नव्हती. पेटीसमोर गर्दी अशी नव्हतीच. ज्यांना यादी वाचायची होती ते पहाटे हजेरीला जाताना वाचून गेले होते आणि एव्हाना अर्ध्या शहराचे रस्ते त्यांनी लख्खही केले होते. थोरलीनंही वाचली असणार. ती ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडत वाचते. म्हणजे बारा नावांना तिला बराच वेळ लागला असणार. 

थोरली तिची सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी, आणि या महिनाअखेरीला पंचेचाळीस पुरी करणारी. रोजंदारीवरच्या माणसाला पंचेचाळीस झाली की हजेरीपटावरून नाव काढायचं, हा पालिकेचा फार जुना नियम. तो कुणी केला आणि कशाला हे कुणालाच आठवत नव्हतं, पण पाळायला मात्र कुणी विसरत नव्हतं. कायम व्हायची ही थोरलीची शेवटची संधी होती. पुढची भरती तीन वर्षांनी. तोवर तिच्या हातात झाडूही उरणार नव्हता, वही तर सोडाच. डेपोमागं म्हणजे पालिकेच्या कचरागाड्यांच्या डेपोला पाठ लावून उभ्या असलेल्या पत्र्याच्या खोल्यांच्या आठ रांगा. तीन पिढ्या शहर झाडणारी माणसं तिथंच जन्मली, आणि तिथं जन्मलेल्यानं शहर झाडावं हे शहरानं तीन पिढ्या न बोलता ठरवून टाकलं होतं. मुकादमाच्या जागा निघाल्या की डेपोमागचे अर्ज करायचे. समितीतली माणसं अर्जावरचा पत्ता वाचायची आणि एकदम गोड बोलायला लागायची. बसा, पाणी घ्या, कळवतो. त्या गोड बोलण्याची डेपोमागं एवढी धास्ती होती की मुलाखतीहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जाई, रागावले का रे तुझ्यावर? नाही म्हटलं की सगळे समजून जात. जागा कुणाच्या मेहुण्याला, कुणाच्या जावयाला मिळून जात, आणि ज्याला झाडू कुठल्या टोकानं धरायचा ते ठाऊक नाही तो डेपोमागच्यांवर शिट्टी वाजवत फिरे.

म्हणून तर धाकटीनं तीन वर्षं डोकं फोडून तो नियम आणला होता. ती डेपोमागून परीक्षा देऊन वर आलेली पहिली कारकून. पुढं पालिकेनं भिंतीभिंतींवर 'शहर सगळ्यांचं' असं रंगवलं आणि समावेश कक्ष नावाचं काहीतरी काढायचं ठरवलं, तेव्हा त्या कक्षाला तिच्याइतकी योग्य बाई शोधून सापडली नसती. अर्थात शोधायला कुणी गेलंही नव्हतं. मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीतून खुर्च्या हलवल्या आणि तिथं तिला बसवलं. एक मात्र हलवायची राहिली, ती पाहुण्यांना द्यायची नाही एवढं लक्षात ठेवायला लागे. तिचा नियम साधा होता. अर्ज समितीकडे जाण्याआधी त्यावरचं नाव, पत्ता, आईबापाचं नाव, सही, ज्यातून माणूस कुठला ते कळेल असं सगळं काळ्या मार्करनं झाकायचं. समितीनं नुसता माणूस बघायचा. सभेत यावर लोक पोट धरून हसले होते. एक जण म्हणाला, उद्या लग्नं पण अशीच लावा. ऑफिसनं तिच्या कक्षाचं नाव झाकणखातं ठेवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कागद पुढं सरकवत राहिली, आणि तिसऱ्या वर्षी नियम पास झाला तेव्हा ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली होती. आनंदानं रडल्याचा तिच्या आयुष्यातला तो एकुलता एक दिवस.

पेटीसमोर उभ्या उभ्या तिला मार्करचा वास आला. खरा नव्हे, पण आला. चार दिवस, चारशे बारा अर्ज, दार आतून लावलेलं. नुसती रेघ मारून भागत नाही हे तिला पहिल्याच तासात कळलं होतं. कागद उजेडाकडे धरला की काळ्याखालची अक्षरं दिसतात. म्हणून आधी रेघ, मग झेरॉक्स, झेरॉक्सवर पुन्हा रेघ आणि पुन्हा झेरॉक्स. इतकं डोळ्यांत तेल घालून काम तिनं स्वतःच्या परीक्षेतही केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डेपोमागच्या अर्जांचा गठ्ठा लागला आणि सगळ्यांत वर तो कागद होता. नाव वाचायचीही गरज पडली नाही. गोल गोल, एकमेकांपासून लांब बसलेली ती अक्षरं तिनंच शिकवली होती, तेराव्या वर्षी, आपल्या शाळेच्या वहीत, एकोणीस वर्षांच्या थोरलीला. आई गेली तेव्हा आईचा झाडू थोरलीनं दुसऱ्या दिवशी उचलला, कारण तिसरा दिवस उजाडला असता तर हजेरीपटावर दुसरं नाव चढलं असतं. तेव्हापासून सव्वीस वर्षं. सही करता यायला हवी म्हणून थोरली कामावरून आली की पाटावर बसून गिरवायची, आणि धाकटी मास्तरीणबाईंच्या थाटात तिच्या डोक्यावर पट्टी मारायची. ती सही धाकटीनं पहिल्यांदा झाकली. मग नाव, मग पत्ता. मग अर्जाला जोडलेला अनुभवाचा दाखला आला आणि हात थांबला.

दाखला डेपोचा होता. डेपोचं नाव, डेपोचा शिक्का, काम रस्ता झाडणे, रोजंदारी, एकूण वर्षं सव्वीस. इतरांच्या दाखल्यांवर तिनं फक्त कंपनीचं नाव झाकलं होतं. देखरेखीचा अनुभव तीन वर्षं, चार वर्षं, हे उघडं राहिलं होतं, कारण तशी देखरेख कुणीही कुठंही करू शकतो. पण सव्वीस वर्षं रोजंदारीवर रस्ता झाडणारं माणूस या शहरात डेपोमागं सोडून कुठं असतं? प्रत्येक ओळ पत्ताच सांगत होती. नियमाप्रमाणे सगळं झाकायला हवं होतं. आणि अनुभवाला शंभरांत तीस गुण होते, हेही तिला माहीत होतं. तो तक्ता तिनंच आखला होता. तिनं एक कागदाची पट्टी कापली. पेन्सिलनं लिहिलं, अनुभव सव्वीस वर्षं. बाकी काही नाही. ती पट्टी झाकलेल्या दाखल्यावर चिकटवली असती, तशाच एकतीस पट्ट्या कापल्या असत्या, तर कुणाचं काय बिघडलं असतं? काही नाही. ती पट्टी तिच्या बोटावर किती वेळ होती कोण जाणे. मग तिला आपलंच अक्षर दिसलं. उद्या कुणी विचारलं, ह्या पट्ट्या कुणी लावल्या? मी. पहिली कुणाच्या अर्जावर? बहिणीच्या. झालं. झाकणखात्यानं बहिणीपुरतं झाकण उघडलं. ते हसू तिला सभागृहातल्या त्या हसण्यासारखंच ऐकू आलं. तिनं पट्टीचा बोळा केला आणि सव्वीस वर्षांवर मार्कर फिरवला, चार ओळी, चार रेघा. आणि एकदा बहिणीच्या दाखल्यावर फिरवल्यावर बाकी तिसांवर न फिरवणं हा अन्याय झाला असता, म्हणून तिसांवरही फिरवला. मावशीच्या सुनेची अकरा वर्षं गेली. कुणाची चौदा, कुणाची नऊ. त्या संध्याकाळी तिला हलकं हलकं वाटत होतं. आपल्याला कुणी बोट दाखवू शकणार नाही. आता ती पेटीकडे पाठ करून जिन्याकडे वळली. चारशे बारा अर्जांतला एकच अर्ज तिनं कुणाचा ते बघून हाताळला होता, आणि तो बुडवायला.

उपायुक्तसाहेब तिला जिन्यातच भेटले आणि हात धरावा तसे बोलत आपल्या खोलीत घेऊन गेले. भला माणूस. सभेत सगळे हसत होते तेव्हा न हसलेला हा एकटाच. "मी तुम्हालाच बोलावणार होतो," ते म्हणाले. "बारांमध्ये पाच बायका! दोघं नदीपलीकडचे. एकाला तर नीट ऐकूही येत नाही. अहो, चोवीस वर्षांत अशी यादी मी बघितली नाही. कुणाचा मेहुणा नाही की कुणाचा साडू नाही. दोन शहरांचे फोन येऊन गेले, तुमच्या मॅडम आमच्या लोकांना पद्धत समजावतील का म्हणून."

"डेपोमागचं एकही नाही, साहेब."

"असं?" ते खरोखरच चकित झाले. "पण मॅडम, ते आपल्याला कळणार कसं? कोण कुठला ते कळू नये म्हणून तर एवढा खटाटोप."

तिनं सांगितलं. दाखले, रेघा, तीस गुण. पट्टीचं नाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मग तीसमध्ये शून्य मिळणारच," ते हळू म्हणाले.

"मी लेखी देते, साहेब. चूक माझी आहे. निवड पुन्हा करू."

"पुन्हा म्हणजे ही रद्द. त्या बारा जणांना मी काय सांगू? त्यांचा काय गुन्हा? त्यातली एक सकाळी यादीसमोर उभी राहून हसत होती, मी बघितलं."  "एक विचारतो, राग मानू नका. त्या एकतिसांत तुमचं कुणी आहे?"

"थोरली बहीण."

"नातेवाईक अर्जदार आहे का म्हणून रकाना होता. तिथं लिहिलं होतंत?"

"कोरा ठेवला होता." लिहिलं असतं तर तिला बाजूला व्हायला लागलं असतं, आणि त्या कक्षात तिच्या बाजूला दुसरं कुणी नव्हतंच.

"मग तुमचा कागद बाहेर पडला त्या दिवशी कक्षाला कुलूप," साहेब म्हणाले. धमकीनं नव्हे, तब्येतीचं सांगावं तसे. "आणि पुढच्या भरतीला अर्ज नावपत्त्यासकट समितीपुढं. मग तुमचे एकतीस असोत नाहीतर तीनशे. यापेक्षा अनुभवाचा रकाना सुधारू. पुढच्या वेळी." धाकटीला वाटलं, हा माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं. त्याच्यावर ओरडता आलं असतं, दार आपटून जाता आलं असतं. त्याचं बोलणं खोडायला ती शब्द शोधत राहिली आणि प्रत्येक शब्द शेवटी त्याच्याच बाजूला जाऊन बसला. ती उठली. पाहुण्यांना पद्धत समजावायला गुरुवार ठरला.

दुपारभर तिनं काहीच केलं नाही. पाच वाजता ती पायीच निघाली. बाजार ओलांडताना तिला नेहमीप्रमाणे रस्ते दिसत होते ते कडेकडेनं. कुठं खराटा नीट फिरलाय, कुठं कुणी आळस केलाय, हे तिचे डोळे तिला न विचारता टिपत. सहाव्या मजल्यावरच्या तिच्या घरातूनही ती सकाळी आधी रस्ता बघे. शाळेत असताना एकदा मैत्रिणींबरोबर जाताना समोरून थोरली झाडत येताना दिसली होती. धाकटीनं तोंड फिरवून दुकानातल्या आरशात वेणी नीट केली, आणि थोरलीनं ओळखून, न ओळखल्यासारखं करून, रस्त्याची पलीकडची कड धरली.  घरी आल्यावर थोरली म्हणाली होती, वेणी छान दिसत होती गं. धाकटी इतक्या वर्षांत त्याबद्दल कधी बोलली नव्हती, आणि बोलली असती तरी थोरलीनं कधीचं गं हे, म्हणून हसून उडवून लावलं असतं. माफी मागायलासुद्धा समोरच्यानं थोडं रागवायला लागतं, आणि ती बाई रागवत नाही, हेच धाकटीच्या नशिबी आलं होतं.

थोरली उंबऱ्यात बसून पायाच्या भेगांना तेल लावत होती. "ये," म्हणाली. "दमलेली दिसतेस. पायी आलीस?" धाकटी तिच्या शेजारी बसली. पत्र्याच्या रांगेतून कुणीतरी डोकावलं आणि डोकं आत घेतलं.

"ताई, वाचलीस?"

"वाचली की. एक नाव फार लांबलचक होतं, ते काही जुळलं नाही. पण माझं नाही एवढं कळलं." तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला. "माझा कागद तुझ्या हातात आला होता का गं?"

"हो."

"ओळखलास?"

"अक्षरावरून."

थोरली हसली. "तूच शिकवलेलं. मग?"

मग धाकटीनं सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं नव्हतं ते पट्टीचंही सांगितलं. बोलताना ती थोरलीच्या तोंडाकडे बघत नव्हती, अंगठ्याच्या भेगेत शिरणाऱ्या बोटाकडे बघत होती. सांगून झालं तरी ते बोट तसंच फिरत राहिलं.

"म्हणजे लोक बोलतील म्हणून," थोरली म्हणाली.

"हो."

"ते तर आताही बोलतायत. मावशी येऊन गेली. म्हणाली, धाकटीनं तुझं केलं नाही तर नाही, पण आमच्या सुनेचं का घालवलं? मी म्हटलं, तिला काय माहीत, कागद वेगळ्या माणसाकडे असतात." तिनं तेलाची बाटली बूच लावून बाजूला ठेवली. "आता खोटी पडले मी."

"ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मी?" थोरलीनं जरा विचार केला, प्रश्न तिला सोपाच वाटला असावा, कारण फार वेळ लागला नाही. "तुझा कागद माझ्या हातात आला असता ना, तर तुझं सगळं उघडं ठेवलं असतं आणि बाकी सगळ्या शहराचं काळं करून टाकलं असतं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. "म्हणून तर मला कुणी तिथं बसवत नाहीत."

धाकटीला बोलायचं होतं. महिनाअखेरीनंतर माझ्याकडे राहायला ये, हे ती वाटेत ठरवून आली होती. दोन खोल्या आहेत, लिफ्ट आहे, असं सगळं जुळवलंही होतं. पण थोरली येणार नाही हे तिला माहीत होतं, आणि आली तरी पहाटे उठून खिडकीत उभी राहील आणि खालचा रस्ता दुसरं कुणी झाडताना बघत बसेल, हेही माहीत होतं. समोरच्या रांगेत कुणीतरी नळाखाली भांडं लावलं. थोरली गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली, पाणी घेऊन आली. धाकटीनं ते पिऊन टाकलं.

"नवा मुकादम आला होता दुपारी, आमच्या टोळीचा," थोरली म्हणाली. "टोळी कुठली, हद्द कुठपर्यंत, विचारत होता. काहीसुद्धा माहीत नाही बिचाऱ्याला. पण ताई म्हणाला मला, माणूस वाईट नाही. महिनाअखेरीपर्यंत मी त्याला सगळ्या गल्ल्या दाखवणार आहे. उद्या बाजारामागची." मग तिला काहीतरी आठवलं. "अगं, तुझ्याकडे त्या सगळ्यांचे फोन नंबर असतील ना? त्याला सांग, उद्या जाड तळाचे बूट घालून ये म्हणावं. आज नुसत्या चपलांवर आला होता, आणि तिथं काचा पडलेल्या असतात."

बारांचेही नंबर, कुणाला कुठली टोळी यासकट, धाकटीकडे होते. "सांगते," ती म्हणाली, आणि थोरलीचं लक्ष होतं म्हणून तिनं तिथंच बसून फोन लावला.